सीझन संपला, आता स्कोअरबुक उघडा: कुणाला किती चेंडू मिळाले?

गुणलेखक:

मे संपत आला. मॅटा गुंडाळून खोलीत गेल्या, फाटकी नेट शिवायला पडली, उन्हाळी शिबिरंही आटोपली. आता क्लबाक्लबांत सीझनचा हिशेब मांडला जाईल. चौदा वर्षांखालच्या मुलांचा हा हिशेब बहुतेक ठिकाणी तीन ओळींत संपतो: सामने किती जिंकले, जास्त धावा कुणाच्या, जास्त विकेट कुणाच्या. तिघांना बक्षीस, बाकीच्यांना फोटोत जागा.

माझं म्हणणं असं की या वयात सगळ्यात आधी वेगळाच आकडा काढायला हवा. प्रत्येक मुलाला सीझनभरात सामन्यात किती चेंडू खेळायला मिळाले आणि किती टाकायला मिळाले? हा आकडा स्कोअरबुकात पडूनच असतो, बेरीज तेवढी कुणी करत नाही.

करायची कशी, तर मोठ्या कागदावर उभी मुलांची नावं लिहा आणि आडवे सामने. फलंदाजीत खेळलेले चेंडू लिहा. वाइड धरायचा नाही, नो-बॉल धरायचा. गोलंदाजीत षटकं लिहा. शेवटी एक रकाना ठेवा: 'अकरात होता, पण ना बॅट मिळाली ना बॉल', असे सामने किती. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. बारा सामन्यांचं काम एका संध्याकाळी उरकतं.

आता गणित बघा. ४० षटकांचे १२ सामने आणि सगळी षटकं खेळली असं धरलं, तर २,८८० चेंडू होतात. १६ मुलांचा संघ असेल तर समान वाटणीत प्रत्येकाला १८० चेंडू आणि ३० षटकं. समान वाटणी व्हावी असं मी म्हणत नाही. पण दोन मुख्य गोलंदाज दर सामन्यात आपली ८ षटकं पुरी टाकत असतील, तर १९२ षटकं त्या दोघांचीच झाली, म्हणजे ४८० पैकी ४० टक्के. उरलेल्या चौदांपैकी तीन-चार जण बाकीची षटकं वाटून घेतात आणि दहा मुलं सीझनभर फक्त क्षेत्ररक्षण करतात. फलंदाजीतही तेच. शेपटाकडच्या मुलाला बारा सामन्यांत मिळून एका चांगल्या नेट सेशनइतकेही चेंडू मिळत नाहीत.

तुमच्या गावच्या, तालुक्याच्या, शहराच्या क्लबांत यावर काही नियम आहेत का? कोणते चालले, कोणते फसले?

तिसरी_स्लिप:

अकराव्या नंबरच्या पोराचे पॅड सीझनअखेर सगळ्यात नवे असतात, हे निरीक्षण नोंदवून खाली बसतो. चर्चा वाचतोय.

मैदानी (मुंबई):

गुणलेखक, कागद करा, जरूर करा, पण निष्कर्षाशी असहमत. फलंदाजी हक्काने मिळत नाही, ती टिकवावी लागते. मुंबईच्या शालेय क्रिकेटची सगळी ताकद यातच आहे की आत गेलेल्या मुलाला बाहेर यायचंच नसतं. गाइल्स शील्ड चौदा वर्षांखालची, हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालची, आणि दोन्हींत मोठा डाव खेळायची मुभा आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर नाबाद ३२६ आणि कांबळी नाबाद ३४९. त्यांची शाळा शारदाश्रम २ बाद ७४८, दोघांची भागीदारी ६६४. चाळीस चेंडू झाले, आता बाहेर ये, असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर?

दोनशे चेंडू खेळण्याची सवय वीस-वीस चेंडूंचे दहा डाव खेळून लागत नाही. साठाव्या चेंडूनंतर मान आखडते, ग्लोव्ह भिजतात, लक्ष उडतं, आणि पन्नास झाल्यावर हमखास एक आडवा फटका जातो. हे सगळं शिकायचं तर आत उभं राहायला हवं.

वऱ्हाडी_फिरकी:

मैदानीभाऊ, ६६४ बरोबर आठवलं, आता जानेवारी २०१६ पण आठवा. कल्याणला भंडारी कप या शालेय स्पर्धेत प्रणव धनावडेनं नाबाद १००९ केले. त्याच्या शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरचा संघ ३१ आणि ५२ मध्ये बाद झाला. प्रणवचा पराक्रम मोठाच, त्याच्यावर बोट नाही. पण समोरच्या अकरा पोट्ट्यांच्या कागदावर काय आलं असेल? आणि त्याच्याच संघातले चार-पाचच्या खालचे? पॅड बांधायचीही गरज पडली नाही त्यांना.

संघ इतके विषम असले तर दोन्हीकडचे पोट्टे काही शिकत नाहीत. म्हणून सामने ठरवतानाच पाहायला पाहिजे. नागपूरच्या गुझदर लीगमध्ये मोठ्यांचे डिव्हिजन आहेत, तर लहानांना काहून नाही? तालुक्यात आठ क्लब असले तर पहिल्या दोन रविवारी सगळ्यांचे १५-१५ षटकांचे सामने घ्या, मग चार-चारचे दोन गट पाडा आणि सीझन त्या गटात खेळा. अर्ध्यावर वरचा एक खाली, खालचा एक वर.

डावरा_पुणे:

गट पाडण्याला +१.

मैदानी आणि गुणलेखक, तुम्हा दोघांचंही साधेल असा मार्ग सांगतो. ४० षटकांचा सामना २०-२० षटकांच्या दोन डावांत खेळवायचा. पहिल्या डावात तुमचा नेहमीचा क्रम. दुसऱ्या डावात जे पहिल्यांदा फलंदाजीला आलेच नाहीत, ते आधी, मग जे नाबाद राहिले ते, मग बाकीचे. बेरीज दोन्ही डावांची. गोलंदाजीला एकाला दोन्ही डाव मिळून ६ षटकं, म्हणजे निदान सात गोलंदाज लागतातच.

यात फसतं ते वेळेचं गणित. तीनदा बाजू बदलावी लागते, आणि दर वेळी मुलं पाणी प्यायला जातात ती पंधरा मिनिटं येत नाहीत. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, पुढची जोडी आधीच पॅड बांधून बसलेली, आणि पाण्याची बाटली सीमारेषेवर.

पंच_परमेश्वर:

नियमाबाबत एक स्पष्टता. मुलाला ४० चेंडूंनंतर किंवा ५० धावांनंतर बाहेर बोलावलं, तर नियम २५ प्रमाणे तो 'रिटायर्ड आउट'. आजारी किंवा जखमी नसताना बाहेर गेलेला फलंदाज समोरच्या कर्णधाराची संमती असेल तरच परत येऊ शकतो. म्हणजे मैत्रीच्या सामन्यात आधी ठरवून घेतलं तर चालेल, असोसिएशनच्या सामन्यात नाही. नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधार, दोन्ही स्कोअरर आणि पंच यांच्यासमोर बोलून घ्या. सामना सुरू झाल्यावर ठरवायला गेलात की भांडण ठरलेलं.

आणि मर्यादा लावायचीच तर चेंडूंवर लावा, धावांवर नको. धावांवर लावली की चांगला मारणारा मुलगा १८ चेंडूंत बाहेर, आणि ठोकळा खेळणारा १०० चेंडू आत.

दुसरं, वाइड. चौदाखालच्या सामन्यात एका डावात ३० वाइड हे काही नवल नाही. म्हणजे ५ षटकं जास्त. ताशी १५ षटकांच्या गतीने २० मिनिटं. वेळ संपल्यावर शेवटची षटकं कापली जातात, आणि ती नेमकी सातव्या-आठव्या नंबरच्या मुलाची असतात. गुणलेखकांच्या कागदात वाइडचा रकाना हवाच.

थेम्सकाठ:

इथे इंग्लंडमध्ये सगळ्यात लहान गटांसाठी 'पेअर्स' खेळवतात. आठ मुलांचा संघ, चार जोड्या, प्रत्येक जोडी ४ षटकं आत. बाद झालं तरी बाहेर जायचं नाही, फक्त संघाच्या धावांतून ५ वजा आणि फलंदाज टोक बदलतात. संघाची सुरुवात २०० पासून, म्हणजे धावसंख्या उणे होत नाही. १६ षटकं आणि आठही मुलं २-२ षटकं टाकतात. आकडे लीगप्रमाणे थोडे बदलतात, गाभा हाच.

पण हे अकरा वर्षांपर्यंतच ठीक. त्यापुढे बाद होण्याला किंमत राहिली नाही तर मुलं ऑफस्टंपबाहेरचा प्रत्येक चेंडू फटकवायला जातात. मैदानींचा आक्षेप तिथे खरा आहे.

आणखी एक गोष्ट लागू करण्यासारखी. लहान गटांत खेळपट्टी छोटी असते आणि वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने २२ यार्डांपर्यंत वाढवतात. अकरा वर्षांच्या मुलाला २०.१२ मीटर चेंडू पोचवायचा तर तो वर उडवून सोडावा लागतो. हात खांद्याच्या मागेच उघडतो, चेंडू फलंदाजाच्या कमरेवर उतरतो किंवा वाइड जातो. अकराखाली १८ यार्ड, म्हणजे साधारण साडेसोळा मीटर, आणि तेराखाली २० यार्ड करून बघा. खर्च काही नाही, एका बाजूच्या यष्ट्या पुढे घ्यायच्या. पंचांनी म्हटलेल्या त्या ३० वाइडचं निम्मं उत्तर इथेच आहे.

पालक_एक:

प्रश्न विचारतो, चुकीचा असला तर सांगा. मुलगा बारा वर्षांचा. दुकानात गेलं की एकच लेदर बॉल देतात. लहान मुलांचा वेगळा असतो का?

पंच_परमेश्वर:

असतो. मोठ्यांचा १५५.९ ते १६३ ग्रॅम, बायकांचा १४० ते १५१, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅम. नियमपुस्तकात तिन्ही दिलेले आहेत. लहान चेंडूचा घेरही कमी, त्यामुळे दोन बोटं शिवणीवर नीट बसतात. दुकानदाराकडे नसेल तर मागवायला सांगा आणि घेताना किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून घ्या. छापलेलं वजन आणि खरं वजन यात फरक निघतो. स्वस्त चेंडू पहिल्या दहा षटकांत लंबगोल होतात, तेही बघा: सपाट फरशीवर हळू सोडला की डगमगत जातो.

काथ्याची_मॅट:

चेंडू कितीही मोजा राव, ज्या मॅटवर तो पडतो तिची स्थिती कुणी लिहून ठेवतं का? जिल्ह्यांत बरंच ज्युनिअर क्रिकेट अजून काथ्याच्या मॅटवर आहे. गुडलेंग्थला मॅटेला सुरकुती असेल तर तिथला एक चेंडू छातीवर येतो, पुढचा सरपटत जातो. पोरगं दोनदा बोटावर खातं आणि मग पुढचा पाय टाकणंच सोडतं. कागदावर १८० चेंडू दिसतील, शिकलं काय तर मागे सरकायला.

मॅट लावायची रीत तरी नीट पाळा. आधी खाली मुरूम. चाळलेला हवा, एक खडा राहिला तर मॅटेखाली टेंगूळ येतं. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून रोलर, सकाळी पुन्हा हलका रोलर. मॅट पसरली की एका टोकाचे खिळे पक्के ठोकायचे, मग दुसऱ्या टोकाला चार-पाच जणांनी मागे झुकून ओढायचं, आणि ताण धरलेला असतानाच तिकडचे खिळे. कडेचे खिळे सगळ्यात शेवटी, मधून टोकांकडे, दोन्ही बाजूंना समोरासमोर. आधी एकच कड ठोकली की मॅट तिरकी ओढली जाते आणि सुरकुती मधोमध येते. खिळ्याचं डोकं मॅटेच्या वर राहिलं तर पाय कापतो, हात फिरवून तपासा. पाण्याच्या दर विश्रांतीला पुन्हा ओढून बघा, उन्हात ती सैल होते. भिजली तर आकसते आणि खिळे उपसते.

आता सीझन संपल्यावरचं. ब्रशने धूळ झाडून, दोन पूर्ण दिवस उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून, मग बांबूवर गुंडाळायची. घडी घालायची नाही, घडीवर काथ्या तुटतो. फरशीवर न ठेवता दोन दगडांवर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात खालून कुजते आणि वरून उंदीर कुरतडतात.

हरळी:

मॅटेवाल्यांनी इतकं लिहिलं तर मातीच्या पिचबद्दलही लिहितो. शेवटचा सामना झाला की क्लबवाले टेंट (मैदानावरचा क्लबचा तंबू) बंद करून जातात आणि माळी एकटा उरतो. पुढच्या सीझनचं पिच खरं तर याच पंधरा दिवसांत तयार होतं.

गोलंदाजांच्या पायांनी पडलेले खड्डे नुसत्या मातीने बुजवू नका. आधी खड्ड्याच्या कडा सरळ कापा, तळ दोन-तीन इंच खरवडा, पाणी मारा, मग त्याच पिचची माती थरथराने घालून धुमसाने ठोका. दुसरी माती घातली, म्हणजे लाल पिचमध्ये काळी, तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सुकतात आणि सांधा सुटतो. पहिल्याच सामन्यात अख्खं ढेकूळ निघतं.

सबंध पिचचं तसंच. वरची मेलेली हरळी दाताळ्याने ओरबाडून काढा. ती राहिली तर नवी माती खालच्या मातीला चिकटत नाही, मध्ये पापुद्रा तयार होतो, आणि तोच पुढे कमी उसळीचं कारण बनतो. रोलर कितीही फिरवा, फरक पडत नाही. ओरबाडल्यावर चार-पाच मिलीमीटर चाळलेली माती, पाणी, आणि हरळीचे तुकडे टोचा. पहिल्या पावसाआधी मुळं धरली पाहिजेत, नाहीतर माती वाहून जाते.

मैदानी (मुंबई):

हरळी, सोन्यासारखी माहिती. कांगा लीगच्या आधी हे प्रत्येक टेंटमध्ये लावायला हवं.

कांगावरून आठवलं. १९४८ पासून चालू असलेली ही पावसाळी लीग या धाग्यात यायलाच हवी. झाकण नसलेली पिचेस, गुडघ्याला लागणारं गवत आणि ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजन. शाळेच्या संघात आठव्या नंबरवर अडकलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला खालच्या डिव्हिजनमध्ये चाळिशीतल्या माणसांबरोबर वरच्या क्रमांकावर खेळता येतं. चेंडू मिळवून द्यायचे तर ही एक वाट आहे, गुणलेखक.

ओल्या पिचवर मुलाला आधी सांगायच्या गोष्टी: चेंडू थांबून येतो, म्हणून ड्राइव्हची घाई नको, बॅट सैल हातात, जमिनीवरून मारलेला चेंडू गवतात तीस यार्डांवर थांबतो, म्हणून मारायचा तर क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून. गोलंदाजाला टॉवेल आणि लाकडाचा भुसा. चेंडू भिजला की फुगतो, शिवण दबते, तेव्हा वेगापेक्षा कटर (बोटांनी कापून वळवलेले चेंडू) चालतात. आणि हेल्मेट हवंच, कारण याच पिचवर एखादा चेंडू टप्प्यावरून तोंडावर येतो.

तिसरी_स्लिप:

आझाद मैदानाबद्दल एक भर. तिथे २२ पिचेस आहेत आणि सीमारेषा एकमेकींत घुसलेल्या. आपल्या डीप मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून दुसऱ्या सामन्याचा कव्हर उभा असतो. तिथे पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलांना सामन्याआधी मागच्या पिचवर कुठे फलंदाजी चालू आहे ते दाखवा. 'बॉल' अशी आरोळी आली तर वळून बघायचं नाही, डोकं हातांत धरून खाली बसायचं. वळून बघणाऱ्याच्या तोंडावर लागतं.

डावरा_पुणे:

धागा मैदानाबाहेर चाललाय, झेल कोण घेणार? :) मूळ विषयाकडे यायला हवं.

फिजिओ_ताई:

मूळ विषयाची दुसरी बाजू मांडते. सगळे 'कमी मिळाले' त्यांच्याबद्दल बोलताहेत. ज्या दोघांना १९२ षटकं मिळाली, त्यांचं काय?

वाढत्या वयात कमरेच्या खालच्या मणक्यांचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. वेगवान गोलंदाजीत पुढचा पाय आपटताना कंबर एकाच वेळी वाकते, वळते आणि मागे झुकते. तोच ताण हजारो वेळा पडला की पाचव्या, कधी चौथ्या कंबरमणक्याच्या मागच्या बारीक हाडाला तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला बहुधा डाव्या बाजूला. लक्षण ओळखायला सोपं आहे: कमरेच्या एकाच बाजूला बोटाने दाखवता येईल असं दुखणं, मागे झुकल्यावर वाढणारं, विश्रांती घेतली की कमी आणि दोन षटकांत परत. हे दिसलं की मलम लावून खेळवू नका, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. वेळेवर सापडला तर काही महिन्यांत हाड जुळतं. नाही सापडला तर दोन्ही बाजूंना जाऊ शकतो.

थेम्सकाठ यांच्याकडे वेगवान गोलंदाजांना मर्यादा आहेत: तेरा वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये (एका दमात टाकलेल्या षटकांत) ५ आणि दिवसात १० षटकं, चौदा-पंधरासाठी ६ आणि १२, सोळा-सतरासाठी ७ आणि १८. दोन स्पेलच्या मध्ये त्याच टोकाकडून निदान तेवढीच षटकं विश्रांती.

आपल्याकडे सामन्यात हे पाळलं तरी नेटमध्ये बिघडतं. वरचे फलंदाज आले की चांगल्या गोलंदाजालाच बॉल दिला जातो. पाऊण तासात ६० चेंडू, म्हणजे १० षटकं, ती कुणी लिहिलेलीच नसतात. शिवाय एकच मुलगा शाळा, क्लब आणि अकादमी अशा तीन ठिकाणी टाकतो, आणि तिन्हींचे प्रशिक्षक आपापल्यापुरतं बघतात. म्हणून षटकांची वही मुलाच्या स्वतःच्या बॅगेत असावी. तारीख, ठिकाण, चेंडू, दुखलं का. चार रकाने पुरतात. आठवड्यातून चारपेक्षा जास्त दिवस नाही, आणि सलग तीन दिवस तर नाहीच.

गुणलेखक:

ताई, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मी वाटणीकडे बघत होतो, ओझ्याकडे नाही. म्हणजे त्याच कागदावर वरची रेघही हवी आणि खालचीही.

वऱ्हाडी_फिरकी:

आणखी एक रकाना सुचवतो, जन्ममहिना. बीसीसीआयच्या वयोगटांची कट-ऑफ तारीख १ सप्टेंबर. एकाच गटात सप्टेंबरमध्ये जन्मलेला पोट्टा पुढच्या ऑगस्टमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तेराव्या वर्षी हा फरक चार बोटं उंची आणि दहा पावलं रनअप इतका होतो. मोठा पोट्टा जोरात टाकतो, म्हणून त्याला बॉल, म्हणून तो अजून शिकतो. प्रशिक्षक म्हणतात 'गुण आहे'. कागदावर चेंडूंच्या शेजारी जन्ममहिना लिहा आणि सप्टेंबर ते डिसेंबरच्या पोट्ट्यांची बेरीज मे ते ऑगस्टच्यांशी ताडून पाहा. फरक दिसला तर समजा, आपण गुण नाही, वाढदिवस निवडत होतो.

तिसरी_स्लिप:

आणि चौदाखालच्या सामन्यात दाढी करून येणाऱ्या 'पोट्ट्यां'चा रकाना?

पंच_परमेश्वर:

त्यासाठी टीडब्ल्यू३ चाचणी आहे. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या टोकांच्या वाढरेषा किती मिटल्यात त्यावरून हाडाचं वय ठरवतात. बीसीसीआय सोळाखालच्या मुलांसाठी ती वापरतं. क्लब पातळीवर ती करायची गरज नाही, खर्चही परवडत नाही. नोंदणीच्या वेळी जन्मदाखला आणि शाळेचा दाखला दोन्ही मूळ प्रतीत बघा, आणि जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंदवलेला दाखला दिसला तर विचारा. लक्षात असू द्या की काही मुलं खरोखरच लवकर वाढतात. मैदानावर सगळ्यांसमोर 'किती वर्षांचा रे तू' असं विचारून मुलाला खाली बघायला लावू नका.

मैदानी (मुंबई):

सगळं वाचून माझं मत थोडं हललं आहे, पुरतं नाही. सोळाखाली मी डाव कापायच्या विरोधातच आहे. शतकाकडे चाललेल्या मुलाला बाहेर बोलावू नये. पण चौदाखाली डावरांची २०-२० ची रीत पटली, कारण त्यात कुणाला बाहेर काढावं लागत नाही, फक्त दुसऱ्याची पाळी आधी येते. आणि ज्या क्लबात फी भरणारी ३५ मुलं आहेत आणि संघ एकच, तिथे दोष क्रमाचा नाही, दुसरा संघ न उतरवण्याचा आहे. जास्तीचा संघ म्हणजे एक किटबॅग, दोन चेंडू, एक स्कोअरर आणि रविवारऐवजी शनिवारचं मैदान. फी घेतली तर इतकं द्यायलाच हवं.

पालक_एक:

हे प्रशिक्षकांशी कसं बोलावं? 'माझ्या मुलाला खेळवा' म्हटलं की पुढच्या सामन्यात तो बारावा.

गुणलेखक:

मुलाबद्दल बोलूच नका. सामना चालू असताना किंवा संपल्या संपल्याही नको. आठवड्याच्या मध्ये, सरावानंतर, 'सर, स्कोअरिंगला माणूस कमी पडतो, मी वही धरतो' असं सांगा. वही हातात आली की कागद आपोआप तयार होतो आणि तो सगळ्या सोळा मुलांचा असतो. तो सरांना द्या, इतर पालकांना नको.

ॲपवर स्कोअरिंग होत असेल तरी वही ठेवा. मैदानात फोनची बॅटरी जाते, स्ट्राइक चुकला तर मागचे सगळे चेंडू भलत्याच्या नावावर जातात, आणि ते नंतर दुरुस्त करायला कुणी बसत नाही.

वर आलेल्या सूचनांनी माझे रकाने आता असे झालेत: खेळलेले चेंडू, टाकलेली षटकं, वाइड, आलेले झेल आणि घेतलेले झेल, काहीच न मिळालेले सामने, जन्ममहिना. झेलांचा मीच घातला. सुटलेला झेल स्कोअरबुकात कुठेच लिहिला जात नाही आणि मग सीझनअखेर कोण कुठे उभा राहावा हे आठवणीवर ठरतं. नेटमधली षटकं ताई म्हणतात तशी मुलाच्या वहीत.

काथ्याची_मॅट:

आणि सामन्यांच्या ओळीत वर एक खूण मॅट की माती याची. दोन्हींवरचे चेंडू एकत्र मोजू नका.

हरळी:

बेरीज लवकर करा. वह्या टेंटच्या पेटीत ठेवलेल्या असतात आणि जूनच्या पहिल्या पावसात पेटीत पाणी जातं. जेल पेनची शाई पसरते. पेन्सिलने आणि बॉलपेनने लिहिलेलं टिकतं.